टीव्हीवरची चादर

टर्पेंटाइनचा वास आला की गोत्री भागातल्या आमच्या घरातलं संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं. तिशीच्या आतच कर्करोगामुळे माझा एक स्तन काढावा लागला होता. बायकांनी वेळीच तपासून घ्यावं म्हणून मी व्रणासकट स्वतःचं चित्र रंगवलं आणि बैठकीत लावलं. आईनं टीव्हीवरची चादर काढून त्यावर टाकली. "सवाष्णी येणार, आज नको!" मी भरल्या बैठकीत ती ओढून काढली. गच्चीवरून पतंग कापणाऱ्या पोरांचं 'काप्यो छे!' तेवढं ऐकू येत होतं. शेजारच्या गुजराती बेन तिळगूळ न घेताच उठल्या. आईनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि पुटपुटली, "तुझी गाठ दुखत नव्हती ना गं?" "नाही." "माझीही दुखत नाही." हल्ली संक्रांतीला बैठकीत दोन चित्रं लागतात. दोन्ही आईच लावते.