बापाच्या शर्टाचं अस्तर

आमच्या शिवणवालीला सगळी गल्ली कात्री म्हणते, आणि ते काही तिच्या टेबलावरच्या कात्रीमुळे नाही. जिभेला धार आहे बाईच्या. बारा वर्षं मी तिच्याकडे काज-बटणं करते, म्हणून मला सगळं ठाऊक. आणि मला ठाऊक असलेलं माझ्या पोटात कधी राहिलंय?

तिचे चिरंजीव, बायको वारल्यावर दोन वर्षांची पोर आईच्या मांडीवर ठेवून, आठवड्यात येतो म्हणून गेले. तो आठवडा आठ वर्षं चालला. ना पत्र, ना फोन. पोर सुईएवढी बारीक, म्हणून आम्ही तिला टाचणी म्हणतो. शाळेत बाकीच्यांचे बाप बघून ती प्रश्न विचारायला लागली, तशी कात्रीने एक लबाडी केली. दर वाढदिवसाला स्वतः फ्रॉक शिवायचा, खोक्यात घालायचा आणि सांगायचं, बाबांनी पाठवलाय. खोक्यावरचा पत्ता मी लिहायचे, डाव्या हाताने. असे सहा फ्रॉक झाले.

मग एके दिवशी चिरंजीव उगवले. दुसरं लग्न झालं होतं, कंपनीची राहायची मोठी जागा मुलंबाळं असणाऱ्यांनाच मिळते, आणि साहेबांना एकाएकी लेकीचा उमाळा आला. कात्रीने सरळ कोर्टात अर्ज टाकला. हा पोर टाकून गेला, याचा बापपणाचा हक्क काढून घ्या. पोटच्या मुलाविरुद्ध, बरं का. नातेवाईक म्हणाले, आई आहेस की कोण? ती म्हणाली, आई आहे म्हणून तर त्याला पुरती ओळखते.

इकडे टाचणीने भोळेपणाने बापाला सांगून टाकलं, की तुम्ही पाठवलेले फ्रॉक मला फार आवडायचे. त्याने ते वरच्या वर झेललं. त्याचा वकील खूश. दर वर्षी भेट पाठवणाऱ्या बापाने पोर टाकली, असं कुठलं कोर्ट म्हणेल? आता खरं सांगावं तर आजी पोरीसमोर खोटी पडणार, आणि गप्प बसावं तर पोर जाणार. चार दिवस कात्रीने मशीनला हात लावला नाही. मी म्हटलं, पोरगी तुला माफ नाही करायची. तर म्हणाली,

"नको करू दे. पण याला जागा मिळवून द्यायला माझी नात जाणार नाही."

कोर्टात तिने त्याला आधी मनसोक्त बोलू दिलं. दुकानं कशी पालथी घातली, एकेक फ्रॉक स्वतः कसा निवडला, रंगवून रंगवून सांगत होता मेला. मग ही उठली आणि सहाही फ्रॉक जजबाईंसमोर उलटे करून ठेवले. आतून अस्तर निळ्या चौकड्यांचं, करड्या रेघांचं, कुठे पिवळं.

"हे याचे शर्ट. जाताना खुंटीवर टाकून गेला होता. दर वर्षी एक कापला मी."

जजबाईंनी त्याला विचारलं, ओळखता का? तो म्हणाला, दुकानवाल्याने लावलं असेल. त्याच्याच वकिलाने प्रेमाचा पुरावा म्हणून एक फोटो जोडला होता. कडेवर तान्ही टाचणी, आणि अंगात तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट. मी तोंडात रुमाल कोंबला. वकील तर फायलीत डोकं घालून बसला.

हक्क गेला. पण टाचणी मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती. जिन्यापाशी तिने विचारलं,

"म्हणजे त्यांनी एकही नाही पाठवला?"

"एकही नाही. मी खोटं बोलले. सहा वेळा."

तेवढ्यात चिरंजीव आडवे आले. म्हणाले, आई, सूड उगवलास माझ्यावर. ती म्हणाली, उगवला, आणि झोप छान लागणार आहे मला. मग तो पोरीपुढे वाकला, आवाजात साखर घोळून म्हणाला, बाळा, बाबांशी तरी बोल.

टाचणीने आजीचं मनगट घट्ट धरलं.

"काका, जरा बाजूला व्हा. आजीला जिना उतरायचाय."