आठवं तिकीट

"पुन्हा म्हणा."

समोरच्यानं शब्द दिला की ती टायपरायटरवरचे हात उचलून मांडीवर ठेवायची आणि एवढंच म्हणायची. साहेब म्हणाले, "उद्या रजा देतो," की हिचं "पुन्हा म्हणा." शिपाई म्हणाला, "चहा आत्ता आणतो," तरी तेच. दुसऱ्यांदा बोलताना माणूस आवाज चढवतो आणि चार टेबलांवर ऐकू जातं, हे तिनं हेरलेलं होतं. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल. नसेल तर तुमची रजा अजून मंजूर व्हायची असेल.

सांगलीच्या एका सरकारी कचेरीत अकरा वर्षं माझं टेबल तिच्या शेजारी होतं. बुटकी, चपळ, डब्यात कायम खर्डा. माहेर रहिमतपूर, सासर शिराळा. कुणावर चिडली तरी भांडायची नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

तिच्या वडिलांना सगळे नाना म्हणायचे. तरुणपणी फौजेतून ते बोटीनं परमुलखात गेले होते. तिथल्या लढाईबद्दल कधी बोलत नसत, बोटीबद्दल मात्र तासन्‌तास. एकदा परत बोटीत बसायचं, ही म्हाताऱ्याची एकच मागणी. तिनं त्यासाठी चार वर्षं पैसे साठवले. कोचीहून लक्षद्वीपला जाणारी बोट, सगळ्या घरानं जायचं, रोख पैसे भरून.

तेवढ्यात तिचा धाकटा दीर एका हॉलिडे क्लबचा एजंट झाला. त्यानं तिला आणि तिच्या नवऱ्याला साताऱ्याच्या एका हॉटेलात नेलं. टाय लावलेल्या पोरांनी तीन तास उठू दिलं नाही. शेवटी कुकर भेट दिला.

"वैनी, रोख कशाला घालवताय?" दीर म्हणाला. "मेंबर व्हा. पॉइंट मिळतील. पॉइंट म्हंजे पैसाच. एकदा काय, दर वर्षी बोट!"

"पुन्हा म्हणा."

तो पुन्हा म्हणाला. पण तिथं ऐकायला नवरा सोडला तर दुसरं कोण होतं? तिनं सही केली. शहाणी बाई एकदाच चुकते, पण बरोबर तिथंच चुकते.

पहिल्या वर्षी क्लबनं कळवलं, पॉइंट कमी पडतात. दुसऱ्या वर्षी, अर्ज उशिरा आला. बोट नाही, पण मेढ्याच्या वरच्या डोंगरात क्लबची खोली आहे, जुलैत या. जुलैत त्या डोंगरात ढगाशिवाय काही दिसत नाही.

दर खेपेला नाना बॅग भरायचे. एकदा कचेरीतच आले, कोट घालून, बूट चकचकीत करून. ती साहेबांकडे गेली होती. मला म्हणाले, "आवं बाई, बोटीचं काय झालं? हिला इचारलं तर नुसतं व्हईल म्हणती."

मी चहा पाजून एसटीत बसवलं. तिसऱ्या वर्षी उत्तर यायच्या आधी नाना गेले.

दहाव्या दिवशी दीर म्हणाला, "आता तर तुमचं पॉइंट लय साठल्यात, वैनी." हे तिनं मला डबा खाताना सांगितलं आणि खर्ड्याचा घास नीट चावून गिळला. त्या दिवशी मला त्या दिराची कीव आली.

नागपंचमीला शिराळ्यात सगळी भावकी जमते. जेवायला पुरणाची दिंडं होती. पंगतीत तूप वाढता वाढता ती दिरापुढं थांबली. "भावजी, दिवाळीला आपण दोन्ही घरं बोटीवर जाऊ. माझ्या पॉइंटावर. व्हईल न्हवं?"

"न व्हायला काय झालं! लेटर आणतो की. लेटर म्हंजेच तिकीट."

"पुन्हा म्हणा."

पंगत ऐकत होती. त्यातल्या निम्म्यांना तो मेंबर करणार होता. तो घसा ताणून म्हणाला.

दिवाळीत मिरजेहून रेल्वेनं निघाली आठ माणसं. ही, नवरा, दोन मुलं. दीर, जाऊ, त्यांची दोन. कोचीच्या धक्क्यावर खिडकीतल्या माणसानं क्लबचं लेटर वाचून परत दिलं. ही नुसती विचारणा आहे, म्हणाला, बुकिंग कुठाय? जावेनं तोंडाला पदर लावला. पोरं रडायला लागली.

तेव्हा हिनं पर्स उघडली. सांगलीच्या ट्रॅव्हलवाल्याकडून तिकिटं आधीच काढली होती, रोख भरून. एकेकाच्या हातात दिली. जावेला, तिच्या दोन्ही पोरांनाही. दिराला नाही.

"वैनी, माझं?"

"तुमच्याकडं लेटर हाय की."

जाऊ अडली, तर तोच तिला म्हणाला, "चढ गं तू पुढं. क्लबचा साहेब येतोय. मी आलोच." नवऱ्यानं हिच्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं बॅगा उचलल्या.

सातच गेली. दीर दोन दिवस रेल्वेत बसून एकटा परत आला. शिराळ्यात परत कुणाला मेंबर व्हा म्हणाला नाही.

मी हे सगळं चवीनं ऐकलं, आणि पुढं चार जणींना तिखटमीठ लावून सांगितलंही. खरी गोष्ट मात्र ती रिटायर झाली त्या दिवशी तिनं सांगितली, टेबलाचे खण रिकामे करताना.

"आठवं तिकीट पण काढलं हुतं मी. पर्समधी हुतं."

मी विचारलं, "मग?"

"त्येला बाजूला घेतलं. म्हनलं, भावजी, 'मी खोटं बोललो, नानांची बोट माझ्यामुळं चुकली,' येवढं बायकोपोरांसमोर म्हणा. लगेच वर चला. तर म्हनतो, साहेब येतील वैनी, लेटर खरं हाय. तीनदा इचारलं. भोंगा वाजला, मग मी चढले."

"आता वाईट वाटतं?"

"न्हाई."

रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत ती गेली. तेराव्याला तो दीर पंगतीत वाढत होता. कुणीतरी बोटीचा विषय काढला तर म्हणाला, "लेटर खरंच हुतं." मी पानावरून उठले नाही, पण त्याच्या हातचं काही घेतलंही नाही.

रिटायर झाली त्या दिवशी खण बंद करून ती शेवटचं बोलली ते असं: "बोट सुटली तवा त्यो धक्क्यावर हात वर करून लेटर हलवत हुता. पोरांना वाटलं टाटा करतोय. त्यांनी पण हात हलवलं, लांब जाईस्तवर. मी कठड्याला धरून हुते. त्यो पार ठिपका होईस्तवर बघितलं. मग आत जाऊन पोटभर जेवले."