ऍक्टिंग इन्स्पेक्टरची पणती

माझे पणजोबा इंग्रजांच्या पोलीस खात्यात फौजदार होते. वरचा गोरा इन्स्पेक्टर लांब रजेवर विलायतेला गेला की त्याचं काम पणजोबांकडे यायचं, 'ऍक्टिंग इन्स्पेक्टर' म्हणून. खांद्यावर तिसरा तारा चढायचा आणि साहेब परतला की उतरायचा. पणजीला वाटायचं, ऍक्टिंग म्हणजे साध्या इन्स्पेक्टरच्याही वरचा हुद्दा. गावभर तसं सांगत सुटायची. पेन्शन बसली तेव्हा कळलं, ती फौजदाराच्याच पगारावर धरली होती. कायमचा हुद्दा तेवढा धरतात, केलेलं काम नाही. त्यानंतर पणजीने तो शब्द घरात कुणाला उच्चारू दिला नाही.

हे सगळं मी आईकडून हसत ऐकत आले. गेल्या वर्षी इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या आमच्या ऑफिसातला मॅनेजर सोडून गेला आणि मला ऍक्टिंग मॅनेजर केलं, तेव्हा मी हुरळून पुण्याला फोन लावला. आई एवढंच म्हणाली, "कायम कधी करणार, ते विचार."

विचारलं. पुढच्या क्वार्टरला बघू, म्हणाले. मग त्याच्या पुढच्या. माझी झोप उडाली, आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. चिडायचीही चोरी, कारण व्हिसा नोकरीला बांधलेला.

काल बॉसने बोलावलं. नॉटिंगहॅमच्या ऑफिसातून नवा मॅनेजर येतोय, कायमचा. त्याला काम मी शिकवायचं. तुझ्याइतकं योग्य कोणी नाही, असंही गोड हसून सांगितलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पणजोबांनीही नव्या कोवळ्या साहेबांना शिकवलं असणार, वर सलामही ठोकला असणार. मी म्हटलं, मी शिकवणार नाही. ती जागा मला द्या, नाहीतर मला माझ्या जुन्या कामावर जाऊ द्या. तो मग एचआरशी बोलतो म्हणाला.

तेव्हापासून सारखी मेल बघते. रात्री जेवताना घरी सांगितलं, तर नवऱ्याने हळूच विचारलं, "व्हिसाचं काय?" मी त्याला आणखी आमटी वाढली.

मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी जरा वाकडंतिकडं. ती म्हणाली, "आई, तुझी पणजोबा ऍक्टिंग करायची, तशी तू आता नाही करणार?"

"नाही," मी म्हटलं. आणि ताटाशेजारचा फोन उचलून पुन्हा मेल बघितली.