किल्ली कोणाकडे?

सामंत सर गेल्याचा फोन साताऱ्याहून आला, तेव्हा मी शारजातल्या आमच्या शाळेत दहावीचे पेपर तपासत होते. चार दिवसांनी स्टाफरूममध्ये शोकसभा झाली. शिक्षक समितीने तिच्यासाठी एकच निर्णय घेतला... फोटोला हार मोगऱ्याचा की झेंडूचा. तोही एकमताने. सर असते तर पोट धरून हसले असते.

सर इतिहास शिकवायचे. एकोणीसशे एकोणीसच्या सुधारणा हा त्यांचा लाडका धडा. इंग्रजांनी शिक्षण, आरोग्य अशी खाती भारतीय मंत्र्यांकडे सोपवली आणि तिजोरी, पोलीस स्वतःकडे राखून ठेवले. "कुणी अधिकार दिला म्हणाला, की एवढंच विचारा, किल्ली कोणाकडे?" असं ते वर्गात सांगत. मुलं 'येस सर' म्हणून विसरून जात.

पंच्याण्णवच्या सुमारास आमच्या चेअरमनना लोकशाहीचा उमाळा आला. शिक्षकांची समिती निवडून दिली गेली, तीत सरही होते. तिच्या हाती काय, तर गॅदरिंग, कँटीन आणि स्टाफरूमचा एसी. एसी चोवीसवर ठेवायचा ठराव झाला. पण थर्मोस्टॅटवर कुलूपबंद पेटी आणि किल्ली मॅनेजरकडे. बाकीचे सभासद छातीला बिल्ले लावून कुडकुडत मिरवायचे. सरांनी घरून राखाडी स्वेटर आणून पेटीखालच्या खुंटीला अडकवला.

मग त्यांची आई अत्यवस्थ झाली. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट शाळेच्या तिजोरीत, आणि मॅनेजर गुरुवारी दुपारीच शुक्रवारच्या सुट्टीला खोर फक्कानच्या समुद्रकिनारी गेलेला. समितीने पासपोर्ट तातडीने द्यावा असा ठराव केला. चेअरमन फोनवर म्हणाले, "सामंतसाब, ये कमिटी का सब्जेक्ट नहीं है. सॅटर्डे को मिल जाएगा, इन्शाल्ला." सर पोचले तेव्हा आईची राख सावडून झाली होती.

परत आल्यावर त्यांनी समिती सोडली. सभासदांनी खेद व्यक्त केला, म्हणजे कागदावर लिहून फाइलला लावला, आणि कँटीनच्या समोशांकडे वळले. त्या बिल्ल्यांची मला आजही किळस येते. सर पुढे निवृत्त होऊन साताऱ्याला गेले; स्वेटर तिथंच राहिला, ज्याला थंडी वाजेल त्याच्यासाठी.

शोकसभेत चेअरमन सरांच्या लोकशाहीप्रेमावर बोलत सुटले होते. गारठ्याने सगळे आखडून बसले होते. मी उठले, पेटीचं कुलूप ओढून पाहिलं, खुंटीवरचा स्वेटर काढून अंगात घातला.

"चेअरमनसाब, इसकी चाबी किसके पास है?"

समिती हाराकडे बघत राहिली.