दिलेली ओळ

कासिल्दा मार्ते या बाईंना १९५८ साली आमच्या शहरात चेहऱ्याने ओळखणारी माणसे फार तर पन्नास असतील. त्यांचे शब्द मात्र आठवड्याचे सहा दिवस घराघरांत शिरत, दुसऱ्यांच्या तोंडून. त्या टीव्ही केंद्रात प्रॉम्प्टर होत्या, म्हणजे नटांना लपून संवाद पुरवणाऱ्या. मूळच्या बानी गावच्या, शाळामास्तरीण, लवकर विधवा झालेल्या. सहा फुटांवरच्या नटाला ऐकू जाईल पण डोक्यावरच्या माईकला लागणार नाही, असा आवाज त्यांनी कमावला होता. तसा आवाज मी पुन्हा कुणाचा ऐकला नाही.

शहर सांतो दोमिंगो. त्या वर्षांत मात्र पाट्यांवर त्या नावाऐवजी धन्यांचे नाव होते. देशाच्या मालकाला सगळे धनी म्हणत, तेही शक्यतो न म्हणता भागले तर बरे असे.

सगळ्या मालिका थेट चालत. सोमवारी कौटुंबिक विनोदी मालिका असे. तेव्हा कासिल्दाबाई जेवणाच्या टेबलाखाली, लांब टेबलक्लॉथच्या आड बसत. मंगळवारी कॉफीच्या मळ्यावरची प्रेमकथा, तेव्हा पियानोमागे. बुधवारी भुताखेतांची, तेव्हा शवपेटीत. गुरुवारी गुप्तहेराची, तेव्हा निरीक्षकाच्या टेबलाखाली. शुक्रवारी गुराख्यांची, तेव्हा पिंपात. आणि शनिवारी जुन्या दर्यावर्दींची, तेव्हा लाकडी जहाजाच्या पोटात.

"बाई, आज कुठे पुरायचं तुम्हाला?" दिवेवाले विचारत.

"बुधवार ना? पेटीत. आणि झाकण हळू लावा रे, मेलेल्या माणसालाही डोकं असतं."

संहितेच्या प्रती टंकलिखित करून पाने लावण्याचे काम माझे होते. त्या प्रती मंजुरीसाठी सरकारी वाचनकचेरीत जात आणि प्रत्येक पानावर जांभळा शिक्का घेऊन परत येत. येताना प्रत्येक भागात एक वाक्य वाढलेले असे, खाली लाल पेन्सिलीची रेघ ओढलेले. ते धन्यांच्या उपकारांचे वाक्य. विनोदी मालिकेत ते आई म्हणे, प्रेमकथेत पाद्री म्हणे. गुराख्यांच्या मालिकेत, जिथले कुरण परक्या देशातले होते, तिथेही कुणीतरी प्रवासी येऊन ते म्हणून जाई. भाग संपला की कासिल्दाबाई शेवटच्या पानावर सही करीत: शिक्क्याचा प्रत्येक शब्द बोलला गेला, शिक्क्याबाहेरचा एकही नाही.

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी ती सही झाली नाही.

गुप्तहेराच्या मालिकेत लेओन्सिओ पिचार्दो म्हाताऱ्या पहारेकऱ्याचे काम करीत. वय सहासष्ट. चाळीस वर्षे रंगभूमीवर काढलेली; सारे केंद्र त्यांना काका म्हणे. गेले वर्षभर त्यांना संवाद आठवत नव्हते. हे फक्त कासिल्दाबाईंना आणि मला ठाऊक होते, कारण त्या त्यांना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळे देत आणि काका ते असे उचलत की जणू विचार करून बोलताहेत.

प्रसंग साधा होता. निरीक्षक विचारतो, "एवढ्या मोठ्या घरात एकटे राहता, भीती नाही वाटत?" त्यावर पहारेकऱ्याचे उत्तर, लाल रेघेचे: "भीती? धन्यांच्या राज्यात? आम्ही दार उघडं टाकून झोपतो, साहेब."

निरीक्षकाने विचारले. काका गप्प. मी काचेमागच्या खोलीत उभा होतो. घड्याळाचा काटा आठ सेकंद सरकला. मग काका मान वर करून अगदी शांतपणे म्हणाले, "वाटते. हो, वाटते."

निरीक्षकाच्या वरच्या ओठावर घाम आला. त्याने पुढचे वाक्य घेतले, भाग पुढे गेला, संपला. दिवे मालवले तरी कुणी जागचे हलले नाही. नेहमी असे नसे. नेहमी आधी हशा पिके, मग सिगारेटी पेटत.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता कॅप्टन बासोरा यांनी आम्हा दोघांना बोलावले. केंद्रात त्यांचे नेमके काम काय, हे कुणी विचारीत नसे. टेबलावर कासिल्दाबाईंची प्रत होती, चौदावे पान उघडे. त्यांनी कॉफी मागवली.

"बाई, साखर किती?"

"दोन चमचे."

"काल आठ वाजून एकवीस मिनिटांनी तुम्ही टेबलाखाली होता."

"होते."

"जागा बरी आहे?"

"पाय मुडपून बसावं लागतं."

"हं." त्यांनी स्वतःच्या हाताने साखर घातली. "एकच विचारायचंय. ओळ दिली होती का तुम्ही?"

मी जमिनीकडे पाहिले. दिली म्हणावे, तर काकांनी धन्यांची ओळ कानांनी ऐकून सगळ्या बेटासमोर तिच्या उलट सांगितले, असा अर्थ होई. असा ठपका बसलेली माणसे परत येत नसत. दिली नाही म्हणावे, तर ती का दिली नाही?

बाई कपात पाहत राहिल्या. कॅप्टनना घाई नव्हती. उलट ते मदतच करू लागले.

"खाली टॉर्चवर वाचता ना? सेल संपले असतील. सेल कोण देतं? भांडारातला उलिसेस ना?"

बाईंनी चमचा बशीत ठेवला.

"नाहीतर पान गळालं असेल. आज दिसतंय जागेवर, पण काल होतं का? पानं कोण लावतं?"

"मी," मी म्हणालो. मी गावाकडून शिकायला आलो, पदवी घेतली, दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. ते सारे त्या एका पानावर येऊन बसले. आज लिहायला लाज वाटते, पण त्या घटकेला मी एवढेच मागत होतो की बाईंनी उलिसेसचे नाव घ्यावे.

बाईंनी कप खाली ठेवला.

"पान होतं, कॅप्टन. सेल सोमवारीच नवे घातलेत. माझा डोळा लागला."

"म्हणजे?"

"झोपले मी. खाली उकडतं फार. दुपारी पोटभर भात खाल्ला होता."

"लाल रेघेच्या ओळीवर झोपलात?"

"नाही, नाही. तेराव्या पानावर. ओळीपर्यंत मी पोचलेच नाही. जागी झाले तेव्हा काका बिचारे काहीतरी आपल्या मनाचं बोलत होते. आधाराशिवाय नट म्हणजे काय हो, समोरच्यानं विचारलं त्याला हो म्हणायचं."

कॅप्टन हसले.

"टेबलाखाली झोपणारी मास्तरीण," ते म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतले.

कासिल्दाबाईंची नोकरी त्याच दिवशी गेली. पाचव्या दिवशी वर्तमानपत्राच्या पत्रांच्या सदरात त्यांचे नाव आले. शहर रोज सकाळी ते सदर आधी वाचे, स्वतःचे नाव नाही ना हे पाहायला, आणि मग चहाकॉफी घेई. पत्रावर कुणा 'जागरूक नागरिका'ची सही होती. राष्ट्राचे अन्न खाऊन राष्ट्राच्या कामात घोरणारी स्त्री, असे त्यात म्हटले होते. वाचणारे समजले. आळशी म्हटले होते, देशद्रोही म्हटले नव्हते. शेजाऱ्यांनी तीन आठवडे त्यांच्या दारावरून जाताना पलीकडचा फुटपाथ धरला. चौथ्या आठवड्यापासून मोलकरणींना पाठवून त्यांच्याकडची दुधाची मिठाई विकत आणू लागले. बानीची बाई, ती मिठाई त्यांना येत होतीच.

लेओन्सिओकाका कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात मोठ्याने सांगत, "झोपली बया! चाळीस वर्षांत माझी अशी फजिती कुणी केली नव्हती. अरे, नट तोंड उघडून उभा आणि ही खाली घोरतेय!" लोक हसत. मी एकदा ते बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी हातातले पातेले ठेवले आणि विचारले, "खूप लोक होते का तिथे? मोठ्यानं म्हणाले?" हो म्हटल्यावर त्यांच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरलेला दिसला.

पुढच्या मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, घरोघरी गोड घेवड्याची खीर शिजत होती. मी बाईंकडे सकाळी गेलो होतो. दारात काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी, दाढी केलेली. डोळे इतके स्वच्छ होते की मला धास्तीच वाटली.

"कासिल्दा, तू झोपली नव्हतीस."

बाईंनी आधी खिडकी लावली.

"बसा काका. खीर घ्या."

"खीर राहू दे. पहाटे सगळं आठवलं मला. 'भीती? धन्यांच्या राज्यात?' तू तीनदा म्हणालीस. तिसऱ्यांदा माझ्या बुटाला हातही लावलास."

"मग तुम्ही..." मी बोलून गेलो.

"मग मी काय? बाबा, मला कळेचना मी कुठे आहे. नाटक आहे हेच कळेना. समोर एक मनुष्य उभा, तो विचारतोय भीती वाटते का. मी खरं ते सांगितलं." ते पुन्हा बाईंकडे वळले. "तुझी भाकरी गेली माझ्यापायी. आणि मी गावभर तुझी टिंगल करतोय! मी चाललोय बासोराकडे. म्हातारा आहे मी, काय करतील माझं?"

काय करतील, ते आम्हा तिघांनाही माहीत होते. बासोरांकडे खोटे बोलल्याबद्दल बाईंचे काय करतील, तेही. बाईंची मुलगी मागच्या खोलीत शिवणयंत्र चालवत होती, यंत्र थांबले.

बाई काकांच्या समोर बसल्या. टेबलाखालून बोलत तोच आवाज त्यांनी काढला, हळू आणि सरळ.

"काका, हे तालमीतलं आहे."

"तालमीतलं?"

"तालीम चार वाजता झाली. तुम्ही बूट काढून बसला होता, डावा बूट चावत होता तुम्हाला. मी तीनदा ओळ दिली तेव्हा तुम्ही चिडलात. म्हणालात, बहिरा समजतेस का मला?"

"मी म्हणालो?"

"म्हणालात. सगळे हसले. आठवत नाही?"

त्या दिवशी तालीम झालीच नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली.

"बुटाला हात लावलास तो..."

"बूट बाजूला सरकवायला. काका, संध्याकाळी मी झोपले होते. शपथ घेऊ?"

त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. तो जाताना मी पाहिला, आणि दुसरीकडे पाहायला हवे होते असे मला अजून वाटते. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली.

"म्हणजे माझं डोकं गेलं म्हण की. एवढं लख्ख आठवलं ते खोटं?"

"खोटं, काका," बाई म्हणाल्या. "खीर घ्या."

त्यांनी खीर खाल्ली. आम्ही त्यांना घरापर्यंत सोडले. परतताना चौकात काळी छोटी फोक्सवॅगन उभी होती, तसल्या गाड्या धन्यांच्या गुप्त पोलिसांच्या, हे मुलेही जाणत. बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे दोन दिवस वळ होता. गाडीत कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी मिठाईचा डबा घेऊन काकांकडे जाऊ लागल्या. "काका, त्या गुरुवारी मी काय करत होते?" बहुतेक दिवशी उत्तर येई, "झोपली होतीस, आणखी काय!" आणि त्या परत येत. कधी काका नुसतेच बघत राहत, कधी म्हणत, "तू माझ्या बुटाला हात लावला होतास." मग बाई पुन्हा पहिल्यापासून सांगत: चार वाजता, डावा बूट, सगळे हसले. जूनमध्ये धन्यांविरुद्ध डोंगरात शस्त्रे घेऊन माणसे उतरल्याची कुजबुज आली आणि शहरात धरपकड सुरू झाली, तेव्हा त्या दिवसातून दोनदा जाऊ लागल्या.

नोव्हेंबरात काका इस्पितळात वारले. दफनाला आम्ही बारा जण होतो. माती टाकून झाल्यावर बाई माझ्या कानाशी आल्या.

"शेवटचे दोन दिवस कुणी होतं त्यांच्यापाशी?"

"परिचारिका होती. फ्रेद्देस्विंदा नावाची."

"तिला काही बोलले असतील?"

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन इस्पितळात गेल्या. परिचारिकेने सांगितले की म्हातारेबाबा कुणाला तरी हाका मारत होते, बाकी काही नाही. बाईंनी आणखी काही, आणखी काही असे तीनदा विचारले आणि डबा तिच्याकडे दिला. पुढच्या आठवड्यात दुसरा डबा दिला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरा. काही मागायचे नाही, फक्त विचारायचे: म्हातारेबाबांचं आणखी काही आठवलं का?

अशी विचारपूस करणारी माणसे आमच्या शहरात कोण असत, हे त्या परिचारिकेलाही ठाऊक होते. तिने मिठाई खाल्ली नाही, फेकलीही नाही. कपाटात डबे साचत गेले. फेब्रुवारीत ती केंद्राच्या फाटकाशी मला गाठून म्हणाली, "तुमच्या त्या बाईंना सांगा, मी काही ऐकलं नाही. माझी लहान मुलं आहेत हो." मी सांगू पाहिले की बाई तशा नाहीत, पण जे सांगायला हवे होते तेच सांगता येत नव्हते. महिन्याभरात तिने बदली मागून घेतली.

ती कुठे गेली, हे कासिल्दाबाईंनी मला दोनदा विचारले. मला ठाऊक होते. मी सांगितले नाही.