घरच्यांकडे मत मागायचं नसतं

जिल्हा परिषदेच्या निकालाच्या दिवशी मी जळगावच्या पिंप्राळ्याहून सकाळच्या गाडीने माहेरी निघाले. आमचं गाव सोनगीरच्या पुढे, हमरस्ता सोडून आत. यंदा गटाची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि माझ्या भावाने वहिनीला उभं केलं. उभं केलं हेच खरं, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

वहिनी गावच्या अंगणवाडीत सेविका होती. निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा द्या, असं कार्यालयाने सांगितलं आणि भावाने तिच्याकडून सही करून घेतली. एकदा गेलेली जागा परत मिळत नाही. घरात ती नुसती सून होती. अंगणवाडीत तिला बाई म्हणत. मी फोनवर भावाला विचारलं होतं, "पडली तर काय करेल ती?" तो हसला. "पडी कशी? आपली भाऊबंदकी केवढी शे!"

या भाऊबंदकीपायीच सगळं झालं. श्रावणात कानबाईच्या प्रसादाचे रोट आमची अख्खी गल्ली एकत्र बसून खाते. एका कुळाची माणसं. परक्याला त्यातला घास देत नाहीत. वहिनी प्रचाराला सगळा गट हिंडली, पायांना फोड आले, पण आमच्या गल्लीतला एक उंबरा चढली नाही. तिला जायचं होतं. भावाने अडवलं. "ज्यासनासंगे रोट खातस, त्यासले मत मांगतस का? लोके हासतीन." मी मध्ये पडले तर म्हणाला, तू आता जळगावची, तुला गावची रीत काय कळणार. म्हटलं, घाल रीत चुलीत. पण माहेरवाशिणीचं कोण ऐकतं.

मतमोजणी तालुक्याच्या गोदामात होती. भाऊ आत, आम्ही बाहेर बाभळीखाली. फेरीमागून फेरी वहिनी पुढेच. आमच्या पोरांनी ट्रॅक्टरवर गुलालाची पोती चढवून ठेवली होती. शेवटची फेरी आमच्याच गावाची, हे कळल्यावर भाऊ बाहेर आला आणि त्याने स्वतःच्या हाताने पोतं फोडलं. "आते आपलंच गाव बाकी शे. मंग काय भेव?" वहिनीच्या कपाळभर त्याने गुलाल फासला. ती हसली नाही. पदराने डोळे पुसत राहिली, मला वाटलं गुलाल गेला असेल डोळ्यात.

मग तो आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून पोरांनी डीजे बंद केला. वहिनी थोडक्यात पडली होती. आणि कुठे पडली, हेही यंत्रं सांगतातच. शाळेतल्या पहिल्या खोलीत आमच्या गल्लीशिवाय कोणाचं मतदान नसतं, आणि तिथेच समोरचीला भरभरून मतं होती. परक्यांनी तारलं आणि घरच्यांनी बुडवलं. मला इतका संताप आला की समोर जो दिसेल त्याच्या कानाखाली वाजवावी. परतीच्या वाटेवर ट्रॅक्टरवर वहिनी त्या फोडलेल्या पोत्याला टेकून बसली होती.

दिवस मावळायच्या आत चुलत काकी भाकरी-पिठलं झाकून घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणतात, तसं. मी दारातच तिला धरलं. म्हटलं, कोणत्या तोंडाने आलीस? काकी गडबडली नाही. भाकरी खाली ठेवली.

"ती दुसरी दोनदा उनी आमना दारे. कुकू लायं, वट्टावर बसनी. तुमनं कोन्हीच उनं नही. आम्ही वाट दखत व्हतूत."

आतून वहिनी आली. कपाळावरचा गुलाल तसाच. तिने विचारलं, "काकी, मी उनी असती तर?"

"तं तुलेच देतूत. आनखी कोनले देतूत माय?"

भाऊ ओसरीवर बसला होता.

वहिनीने कोनाड्यातून कुंकवाचा करंडा उचलला, पायात चप्पल न घालता बाहेर पडली. मी हाका मारल्या. ती काकीच्या दारापासून सुरू झाली. एकेका उंबऱ्यावर उभी राहायची, हात जोडायची आणि आल्याचं सांगायची, "मी उनी." बायका घाबरून पाट मांडत, तिला कुंकू लावत, बस म्हणत. ती बसायची नाही. पुढच्या दारी जायची. मी मागे मागे, रडत. मला वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

गल्लीच्या शेवटच्या घरात एक तरणी सून लेकराला कडेवर घेऊन उभी होती. तिने वहिनीला कुंकू लावलं आणि मोकळ्या मनाने म्हणाली, "बरं व्हयनं अक्का. निवडी येती तं धुळाले जाती, आमना पोरेसकडे कोन दखतं? आते सकाय पोऱ्याले धाडस अंगणवाडीमा."

राजीनाम्याचं गल्लीत कोणाला सांगितलंच नव्हतं; प्रचारापुरती रजा, असंच सगळे समजत होते. घरच्यांना काय सांगायचं, असं भाऊ म्हणाला होता.

वहिनी त्या लेकराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "धाड."