जाऊबाईंचा पदर
माळ्यावर भावाचा जुना टेपरेकॉर्डर सापडला आणि त्याच्या चामडी खोळीच्या वासानं सत्तरच्या दशकातलं रिसोडचं कोर्ट आठवलं. मी नुकतीच विधवा झाले होते. भाजीच्या मळ्यात माझ्या नवऱ्याचा निम्मा वाटा आहे, असं सासरे एकदा बोलून गेले आणि भावानं ते गुपचूप टेपमध्ये भरून घेतलं. कोर्टात सासऱ्यांनी कानांवर हात ठेवले. "पेटीतून कोनाचाबी आवाज काढता येते, साहेब." जज्जसाहेबांचाही पेटीवर भरवसा नव्हता. त्यांनी सासऱ्यांना बाहेर बसवलं आणि त्यांच्याच साक्षीदार, माझ्या थोरल्या जाऊबाईंना उभं केलं. बटण दाबलं. आधी मळ्यातल्या इंजिनाची फटफट आली, मग सासऱ्यांचा आवाज. त्यासरशी जाऊबाईंनी खांद्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, घरात सासऱ्यांची चाहूल लागल्यावर ओढावा तसा. "कोणाचा आवाज?" "मले काय मालूम, साहेब." साहेब त्यांच्या पदराकडे बघत राहिले, मग लिहू लागले. वाटा मला मिळाला. सवयीनं घात केला, असं गाव म्हणालं. माझा मात्र संशय अजून गेलेला नाही. एरवी झोपेतही डोक्यावरून न ढळणारा जाऊबाईंचा पदर त्या दिवशी पेटी सुरू व्हायच्या आधीच खांद्यावर कसा आला होता?